ट्रॅकसाठी अलाइनमेंट: एकच सेटिंग ठेवावं की दोन?

कोलशेत_केमन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गाडी २०१४ ची पोर्शे केमन, २.७ लिटरची, सेकंड हँड घेतलेली. घर कोलशेतला, ऑफिस बेलापूरला. रोज नाही, पण पाऊस नसेल तेव्हा ठाणे-बेलापूर रोडने तिला ऑफिसला नेतो. आणि सुट्टी जुळली की चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर ट्रॅक डेला.

अडचण अशी की लांब उजव्या वळणात मध्यावर आलं की गाडीचं नाक बाहेर पळतं. स्टेअरिंग आणखी वळवून उपयोग होत नाही, ॲक्सिलरेटर सोडून वाट बघावी लागते. नंतर डावा पुढचा टायर पाहिला तर बाहेरचा खांदा पार घासलेला, खांद्यावरचा तो छोटा त्रिकोणही पुसलेला. आतल्या बाजूची नक्षी मात्र जवळजवळ जशीच्या तशी.

शेवटच्या अलाइनमेंटची (चाकांचे कोन लावण्याची) प्रिंट सांगतो. पुढे कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल, उणे म्हणजे वरचा काठ आत) दोन्हीकडे उणे ०.४ अंश, टो-इन (वरून पाहताना चाकांची पुढची टोकं आत वळलेली) एकूण १० मिनिटं (६० मिनिटांचा एक अंश). मागे कॅम्बर उणे १.५, टो-इन प्रत्येक चाकाला १० मिनिटं. मशीनवर सगळं हिरवं.

ट्रॅकवरचे मित्र म्हणतात पुढचा कॅम्बर उणे अडीचपर्यंत ने. ठाण्यातले मित्र म्हणतात तसं केलंस तर टायर आतून खाल्ले जातील, ऑफिसला जाण्यातच संपतील. मग रस्त्यासाठी एक आणि ट्रॅकसाठी एक अशी दोन सेटिंग ठेवायची का? की दोन्हीकडे चालेल असं मधलं काही असतं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी आकड्यांसकट सांगा, प्लीज.

पामबीच_पहाटे

टायरचा फोटो टाका आधी. तिन्ही भाग दिसतील असा.

ऐरोलीकर

माझं मत वेगळं आहे. कंपनीने दिलेलं सेटिंग विचार करून दिलेलं असतं. ड्रायव्हरच्या मागे इंजिनचं वजन असलेल्या गाडीत पुढची पकड आधी सुटावी हे मुद्दाम केलेलं असतं, कारण नाक बाहेर गेलं तर माणूस आपसूक पाय काढतो आणि गाडी सावरते. शेपूट बाहेर गेली तर सगळ्यांना सावरता येत नाही. आधी वळणात शिरतानाचा वेग कमी करा, ब्रेक हळूहळू सोडत आत शिरा म्हणजे पुढच्या टायरवर वजन राहील. पाना नंतर उचला.

कोलशेत_केमन

फोटो टाकला आहे.

ऐरोलीकर, मुद्दा पटतो. पण मागच्या वेळी शेजारी प्रशिक्षक बसले होते. ब्रेक सोडण्याची पद्धत त्यांनी सुधारून घेतली, त्याने वळणात शिरणं खूप सुधारलं. मध्यावरचं पळणं तसंच राहिलं. टायर पाहून तेही म्हणाले की आता कॅम्बर हवा.

नौपाड्याची_भूमिती

फोटो पाहिला. हा टायर स्वतःच उत्तर देतोय.

वळणात गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. तिच्याबरोबर बाहेरचं चाकही कलतं, टायरचा आतला काठ हलका होतो आणि भार बाहेरच्या खांद्यावर येतो. केमनला पुढे-मागे दोन्हीकडे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आहेत. स्ट्रट दबताना चाक थोडं आत कलतं, पण गाडी जेवढी झुकते तेवढं नाही. उदाहरणादाखल धरा, गाडी अडीच अंश झुकली आणि सस्पेन्शनने त्यातला एक अंश भरून काढला. दीड अंशाची तूट राहिली. तुमचा उभ्या गाडीचा कॅम्बर उणे ०.४, म्हणजे ऐन वळणात चाक अधिक १.१ वर. टायर खांद्यावर उभा आहे. सुरुवात उणे २ पासून केली असती तर तेच चाक वळणात उणे अर्ध्यावर राहिलं असतं, जवळजवळ सपाट.

कुणीतरी कॅस्टरचं (बाजूने पाहताना चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे कल) नाव काढेलच म्हणून आधीच लिहिते. स्टेअरिंग वळवलं की कॅस्टरमुळे बाहेरच्या चाकाला थोडा उणे कॅम्बर मिळतो, हे खरं. पण तो स्टेअरिंग किती वळलंय त्यावर आहे. हेअरपिनला त्याची मदत होते. वेगातल्या लांब वळणात स्टेअरिंग फार वळलेलं नसतंच, तिथे उभ्या गाडीचा कॅम्बरच कामाला येतो. तुमची तक्रार नेमकी त्याच वळणांची आहे.

आणि डावाच टायर का? मद्रासचा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालतो. ३.७१७ किलोमीटरच्या फेरीत उजवी वळणं जास्त, बोजा डाव्या बाजूवर.

खारेगाव_टोल

ताई, असं शिकवणारं कुणी शाळेत भेटलं असतं तर मी सायन्स सोडलं नसतं. वाचनखूण साठवली आहे.

वागळे_रॅम्प

साहेब, मी वागळे इस्टेटला अलाइनमेंटच्या रॅम्पवर काम करतो. मशीनवरचं मी सांगतो, ट्रॅकचं तुम्ही लोक बघा.

हिरवं म्हणजे गाडी कंपनीच्या हद्दीत आहे, एवढंच. हद्दीत राहून डावं-उजवं वेगळं असलं तरी रंग हिरवाच येतो. गिऱ्हाईकाने हिरवं मागितलं की आम्ही हिरवं देतो. तुम्ही कागदावर आकडे लिहून आणा आणि सांगा, मला हे पाहिजेत, दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत. वेळ जास्त लागेल, पैसे जास्त लागतील, पण काम होईल. सकाळी पहिल्या नंबरला या. संध्याकाळी रांग असते, तेव्हा असं काम घाईत होतं.

यायच्या आधी हवा चारही चाकांत थंड असताना भरून घ्या. टाकी अर्धी ठेवा. गाडी एकटे चालवणार असाल तर तुमच्या वजनाएवढं सामान ड्रायव्हर सीटवर ठेवायचं, आमच्याकडे त्यासाठी वाळूच्या गोण्या आहेत. बुश (सांध्यातले रबर) आणि बॉल जॉइंट आधी हलवून बघायचे. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशला प्ले, म्हणजे ढिलाई, असेल तर मशीनवर कितीही बारीक लावा, पहिल्या खड्ड्यात आकडा बदलतो. उंची कमी करायची असेल तर तीही आधीच करा, नंतर केली की सगळं पुन्हा.

क्रमही ठरलेला आहे. आधी मागचा एक्सल, मग पुढचा. कॅम्बर आधी, टो सगळ्यात शेवटी. कारण कॅम्बर हलवला की टो आपोआप हलतो. कुठल्या दिशेला ते गाडीगणिक वेगळं, स्टेअरिंगचा रॅक आणि चाक वळवणारे टाय रॉड कुठे बसलेत त्यावर. पुष्कळ जण स्वतः स्ट्रट सरकवतात आणि टो न बघता गाडी चालवतात. टायर जातो तो तिथे.

तुमच्या गाडीला पुढे स्ट्रटच्या वरच्या माउंटला लांबट भोकं आहेत. नट सैल करून स्ट्रट आत ढकलायचा. त्यातून थोडा कॅम्बर मिळेल, अडीच मिळणार नाही. मागे एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवले की कोन बदलणारे) आहेत, तिथे अडचण नाही.

कोलशेत_केमन

दादा, खूप मोलाची माहिती. आभारी आहे. गोण्यांचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

घोडबंदर_खड्डे

सगळं बरोबर आहे, पण एवढं बारीक लावून गाडी कापूरबावडीपर्यंत नेली तरी मिनिटं टिकतील का? माझ्या साध्या सेडानचं स्टेअरिंग दर पावसाळ्यात एकीकडे जातं. एका खड्ड्यात रिम वाकली, टाय रॉड बदलावा लागला.

वागळे_रॅम्प

घोडबंदर, खड्ड्याने कॅम्बर फारसा बिघडत नाही, टो जास्त बिघडतो. टाय रॉड बारीक असतो, मार त्यालाच बसतो. पावसाळा संपला की एकदा नुसतं मोजून घ्यावं. लावायला नको, मोजायला तरी या.

खारघर_हेअरपिन

माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी पोलो. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आणि मद्रासला चालवते. पुढे उणे २.५, कॅम्बर प्लेट टाकून. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) आहे, तिथे काही हलत नाही, तो विषयच बंद.

आकडे कुणाचे उचलू नका, माझेही नाही. टायरचं तापमान मोजा. लॅप जोरात मारून सरळ पिटमध्ये या, हळू लॅप मारायचा नाही. टायर सुईच्या थर्मामीटरने मोजायचा, आत, मध्ये, बाहेर, तीन ठिकाणी. लेझर गनने फक्त वरचा थर कळतो आणि तो पिटमध्ये येईपर्यंत निवलेला असतो. सुई रबराच्या आत जाते. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा पाच ते आठ अंश सेल्सियस गरम निघाली तर कॅम्बर ठीक. बाहेरची जास्त गरम तर कॅम्बर कमी पडतोय. आतली खूपच जास्त गरम तर अति झालाय, आणि मग ब्रेक लावतानाही पकड कमी मिळते, कारण सरळ रेषेत टायर आतल्या काठावर धावतोय. मधला भाग हवेचं सांगतो. मधला आत-बाहेरच्या सरासरीपेक्षा गरम तर हवा जास्त, थंड तर हवा कमी. आधी हवा जमवा, मग कॅम्बरवर निर्णय घ्या. उलट केलंत तर वाचन फसवतं.

बाकी उणे अडीच डोळ्याला दिसतं बरं का. सोसायटीचे वॉचमनकाका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ताई, गाडी कुठे आपटली का? पुढची चाकं आत झुकलीत." घरी सांगू का नको, या काळजीत होते बिचारे.

पामबीच_पहाटे

वॉचमनकाकांना रॅम्पवर नोकरी द्या. नजरेने अडीच अंश ओळखला.

वागळे_रॅम्प

पाठवा. माणूस हवाच आहे.

ऐरोलीकर

तापमानाची पद्धत मान्य, यात वादच नाही. पण खारघर ताई, तुमची गाडी ट्रॅकसाठीच ठेवलेली दिसते. धागाकर्त्याला ऑफिसला जायचंय. उणे अडीच घेऊन रोज ठाणे-बेलापूर रोड केला तर आतली कड जाणारच. माझ्या जुन्या गाडीचे टायर आतून तार दिसेपर्यंत गेले होते आणि वरून बघितलं तर नवेकोरे. ही धोक्याची गोष्ट आहे, पावसात कळणारही नाही.

खारघर_हेअरपिन

दादा, त्या गाडीचा टो किती होता?

ऐरोलीकर

आठवत नाही. कॅम्बर जास्त होता हे नक्की.

नौपाड्याची_भूमिती

इथेच गणित करून बघू या, कारण टायर खाण्याचा आळ बहुतेक वेळा कॅम्बरवर येतो आणि काम टोचं असतं.

चाकाला १० मिनिटं टो आहे असं धरा. म्हणजे अंशाचा सहावा भाग. १८ इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या काठात जेमतेम १.३ मिलिमीटरचा फरक, डोळ्याला दिसणारही नाही. पण चाकाचं तोंड एकीकडे आणि गाडी जाते सरळ. भूमितीने प्रत्येक किलोमीटरमागे ते चाक सुमारे २.९ मीटर आडवं ओढलं जातं. ठाणे ते चेन्नई साधारण १३०० किलोमीटर धरले तर पावणेचार किलोमीटरच्या आसपास नुसतं आडवं घासणं. पाऊल तिरकं टाकून चालणाऱ्याची चप्पल जशी एका कडेने झिजते, तसं.

कॅम्बरमध्ये असं ओढणं नाही. २३५ रुंदीचा टायर दोन अंश कलला तर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आठ मिलिमीटरच्या आसपास उंचीचा फरक पडतो. टायर दबून तो फरक गिळतो, आतल्या काठावर भार वाढतो, झीज तिकडे थोडी जास्त होते. म्हणजे कॅम्बरमुळे टायर कुठे झिजतो हे ठरतं आणि टोमुळे किती झिजतो हे. दोन्ही जास्त असले की टोचं सगळं घासणं त्या एका काठावर येतं आणि तार दिसते. ऐरोलीकर, तुमच्या टायरचं असंच झालं असावं असा माझा अंदाज.

म्हणून माझं उत्तर: एकच सेटिंग, उणे दोनच्या आसपास कॅम्बर आणि पुढचा टो शून्य.

ऐरोलीकर

हे पटलं. पण "थोडी जास्त" झीज म्हणजेही झीज आहे. महिन्यातून एकदा स्टेअरिंग पूर्ण वळवून आतली कड हाताने चाचपायची, एवढं तरी लिहा.

नौपाड्याची_भूमिती

लिहायलाच हवं. धन्यवाद.

तिसरा_गिअर

पुढे टो-आउट (चाकांची पुढची टोकं बाहेर) का नको? ट्रॅकवर बरेच जण ठेवतात, गाडी वळणात पटकन शिरते.

खारघर_हेअरपिन

शिरते. मी पोलोला पुढे किंचित टो-आउट ठेवते, कारण पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आळशीच असते. पण महामार्गावर ती सतत इकडेतिकडे शोधत राहते, दोन्ही हात स्टेअरिंगवर लागतात. केमन मुळातच पटकन वळते, तिला शून्य पुरे. आणि मागचा टो-इन अजिबात कमी करू नका. मध्ये इंजिन असलेल्या गाडीत ब्रेक लावताना आणि ॲक्सिलरेटर सोडताना शेपूट जाग्यावर ठेवतो तो मागचा टो-इन.

ऐरोलीकर

याला माझं शंभर टक्के अनुमोदन. शिवाय पुढची पकड वाढली की मागची तुलनेने कमी वाटणार. पुढचा कॅम्बर वाढवाल तेव्हा मागचा त्याच्यापेक्षा कमी उणे राहू देऊ नका. नव्या सेटिंगची पहिली फेरी अर्ध्या वेगाने.

घोडबंदर_खड्डे

अवांतर: चेन्नईला गाडी चालवत नेता की ट्रकवर?

कोलशेत_केमन

चालवत. पनवेलपासून जो ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग धरायचा तो पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूरू करत थेट ट्रॅकच्या दारापाशी नेतो. कोल्हापुरात मिसळ, बेळगावात कुंदा बांधून घ्यायचा, पुढे मुक्काम.

घोडबंदर_खड्डे

कुंदा सीटवर ठेवून अलाइनमेंट करा मग. वजन धरलं पाहिजे.

तिसरा_गिअर

अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. विम्याच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा असतात. शर्यत आणि वेगाची चाचणी नेहमीच्या पॉलिसीतून वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च आपला. निघण्याआधी कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

सीवूड्स_सिग्नल

आणि सेटिंग केल्यावर चाचणी म्हणून पामबीच रोडवर पळवू नका, कळकळीची विनंती. पहाटे तिथे चालायला येणारी माणसं असतात, आमचे आईवडील त्यातच असतात.

पामबीच_पहाटे

+१. माझं नाव तसं असलं तरी मीही चालायलाच जातो.

कोलशेत_केमन

मंडळी, ट्रॅक डे करून आलो. सविस्तर लिहितो.

आधी रॅम्पवर गेलो. लोअर आर्मचं एक बुश खरंच सैल निघालं, ते बदललं. मग हवा, अर्धी टाकी, सीटवर वाळूच्या गोण्या. मागे कॅम्बर उणे १.६, टो-इन होता तेवढाच. पुढे माउंटच्या भोकांतून स्ट्रट जितका आत गेला तितका घेतला, तरी उणे १.३ च मिळाले. दोन्हीकडे सारखे यावेत म्हणून एक बाजू थोडी मागे घेतली, कारण दुसरी तेवढी जात नव्हती. पुढचा टो शून्य. शेवटी स्टेअरिंग अँगल सेन्सर रीसेट केला. स्टेअरिंगचा मध्य बदलला की तो करायचा असतो हे तिथेच कळलं.

जाताना महामार्गावर गाडी आधीपेक्षा सरळ आणि हलकी वाटली. माझी अपेक्षा उलटी होती.

ट्रॅकवर पहिलं सत्र जपून. मग सुई घेऊन डावा पुढचा टायर मोजला: बाहेर ९४, मध्ये ९१, आत ८१. हवा दोन पीएसआय उतरवली आणि पुन्हा मोजलं: बाहेर ९३, मध्ये ८८, आत ८३. म्हणजे बाहेरची बाजू अजून गरमच, कॅम्बर कमीच आहे. पण लांब उजव्या वळणात मध्यावर आता स्टेअरिंगला उत्तर मिळतं. पाय काढून वाट बघण्याऐवजी थोडा स्थिर ठेवला तरी गाडी रेषेत राहते. खांद्यावरचा त्रिकोण या वेळी शाबूत आहे.

आता पुढचा प्रश्न. उणे दोनच्या पुढे जायचं तर शिम (लांबी वाढवणाऱ्या पातळ पट्ट्या) घालता येणारे दोन तुकड्यांचे लोअर आर्म लागतील. घ्यावेत का?

खारघर_हेअरपिन

वाचन छान घेतलंत. बाहेर-आत दहाचा फरक उलट्या बाजूला आहे, म्हणजे अजून जवळपास एक अंश लागेल. आर्म घ्या. आर्म लावले की टो नव्याने लावावाच लागेल.

ऐरोलीकर

मी असतो तर एक हंगाम याच सेटिंगवर चालवली असती. त्या आर्ममध्ये रबरी बुशच्या जागी धातूचे जॉइंट असले तर ठाण्याच्या रस्त्यावर आवाज करतील आणि धूळ-पाण्यात लवकर सैल होतील. गाडी ऑफिसलाही न्यायची आहे. पण एक मान्य करतो, नुसत्या चालवण्याने हे सुटलं नसतं. टायरच तसं सांगतोय.

नौपाड्याची_भूमिती

ऐरोलीकरांचा आवाजाचा मुद्दा खरा आहे. रबरी बुश ठेवून शिम घालता येतात असे आर्मही असतात, ते बघा. आणि आकडे असेच लिहून ठेवत जा, तारीख, हवामान, हवा सगळं. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस असतो, ओल्या ट्रॅकवरचं वाचन यात मिसळू नका.

कोलशेत_केमन

ठरलं. रबरी बुशवाले आर्म शोधतो, मिळेपर्यंत उणे १.३ वरच चालवतो. ऑफिस आणि ट्रॅक, दोन्हीला हेच एक सेटिंग. आतली कड दर महिन्याला चाचपणार.

वागळे_रॅम्प

साहेब, आर्म आले की जुने बोल्ट वापरू नका, नवे मागवा. आणि आर्मचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर लटकलेली नको. लटकलेली असताना आवळले तर बुश पिळून बसतं आणि लवकर फाटतं. आर्म हातात पडले की फोन करा, सकाळचा पहिला नंबर ठेवतो.